आधी वायर, मग जॅक, मग माइक

शिवपुरीच्या लॉजवरून फोन आला तेव्हा शहरातल्या लष्कर भागातल्या माझ्या दुकानाचं शटर मी अर्धंच वर केलं होतं. पलीकडचा माणूस विचारत होता, "आप बाळ्या बोल रहे हैं?" नंदूच्या मोबाइलवर शेवटचा नंबर माझा होता आणि नाव त्यानं तसंच टाकलेलं. नंदू खुर्चीत बसल्या बसल्या गेला होता... मांडीवर रजई, समोर स्टँडवर माइक. याला आता सात आठवडे झाले.

आम्ही हजीऱ्याच्या शाळेत एका बाकावरचे. पुढे तो औषध कंपनीचा एमआर झाला, मी लाउडस्पीकर-माइकच्या धंद्यात पडलो. मुरैना, शिवपुरी, दतिया, झाशी... महिन्यातले पंधरा दिवस बॅग त्याच्या खांद्यावर. चाली लावायचं वेड मात्र लहानपणापासूनचं. गेल्या वर्षी पुण्याच्या एका संगीतकाराला त्याच्या दोन चाली आवडल्या. सहा गाण्यांचे डेमो पाठवा म्हणाला, मग बघू. बावन्नाव्या वर्षी! नंदू दुकानात नाचायचाच काय तो बाकी राहिला. "बाळ्या, आता घरी बसून जमणार नाही. जिथे मुक्काम तिथे रेकॉर्डिंग. बॅगेत मावेल असा माइक दे, आणि जास्त शहाणपणा नको करूस, यार."

शहाणपणा मी केलाच. त्याला हातात धरायचा छोटा रेकॉर्डर हवा होता. मी म्हटलं, ते खेळणं ठेव बाजूला. स्टुडिओतला मोठा माइक दिला असता, पण त्याला वेगळी वीज लागते, सोबत डबा लागतो, लॉजच्या खोलीत हा पसारा मांडणार कुठे? शेवटी मुठीएवढा कंडेन्सर माइक निवडला, थेट मोबाइलला लागणारा, घडीच्या स्टँडसकट. भारी तिखट कानाचा. शेजारच्या खोलीत बादली सरकली तरी ऐकतो, म्हणून डोक्यावर रजई घेऊन गा, हेही मीच शिकवलं. तो रजईत घुसून गायचा, मला पाठवायचा आणि मी साफसफाई करून परत द्यायचो.

पहिली दोन गाणी झकास झाली. तिसऱ्यात मुखडा संपून अंतरा सुरू व्हायच्या आधी एक बारीक शिट्टी ऐकू आली. आमच्या धंद्याची एक रीत आहे: आवाजात खोट निघाली की आधी वायर बघायची, मग जॅक, मग माइक. गाणाऱ्याला बोल लावायचा नाही. मी वायर बदलून दिली. चौथ्या गाण्यात शिट्टी वाढली. जॅक बदलला, माइकला फोमची टोपी घातली. पाचव्यात ती ओळीओळीला यायला लागली, नेमकी तो श्वास घेई तिथेच. अहो, मला स्क्रीनवर डोळ्यांनी दिसत होतं! आणि मी एकेक तुकडा कापून फेकत होतो. नंदू म्हणाला, "रजईतली हवा असेल." मग सहज बोलल्यासारखं, "आजकाल आडवं पडलं की बरं नाही लागत रे. लॉजच्या उशा पातळ. बसूनच झोपतो." मी काय म्हणालो? "घरून उशी नेत जा, नवाबसाहेब." दोघंही हसलो. रोज डॉक्टरांच्या दारात बसणारा तो आणि आवाजावर पोट भरणारा मी... आमच्या अकला कुठे चरायला गेल्या होत्या, देव जाणे.

मग मी माइकच बदलला. दुसरा दिला तो डायनॅमिक, जाड कानाचा, तोंडासमोरचं तेवढंच ऐकणारा. प्रवासाला हाच बरा, मी ऐटीत सांगितलं. सहावं गाणं आलं ते घासलेल्या भांड्यासारखं स्वच्छ. आम्ही बाड्याच्या चौकात उभं राहून कचोरी खाल्ली, खोट सापडली म्हणून. परत येताना दुकानाच्या दोन पायऱ्या चढायला तो शटरला धरून थांबला. मी म्हटलं, "पोट कमी कर." त्यानंतर तो शिवपुरीला गेला.

हृदय थकलं होतं, फुफ्फुसात पाणी साचत होतं, कित्येक महिन्यांपासून, असं डॉक्टरांनी नंतर सांगितलं. गेल्या आठवड्यात थाटीपुरला नंदूच्या घरी गेलो, तर सुषमा वहिनी त्याचा मोबाइल घेऊन बसल्या होत्या. मी न कापलेली मूळ गाणी त्यात होती. "भाऊजी, ही शिट्टी कसली हो? यांच्या छातीतली तर नव्हे? घरी कूलर चालू असायचा, मला कधी ऐकूच आली नाही... बायको असून." त्यांचे डोळे माझ्यावर होते. माझ्या तोंडून निघालं, "माइकची हो, वहिनी. सस्ता माइक होता." त्यांनी केवढा श्वास सोडला! म्हणाल्या, "मग ठीक. मुलगी येते आहे पुढच्या महिन्यात, ती खराबवाली पुसून टाकायला सांगते. चांगली तेवढी ठेवते." मी मान डोलावली आणि चहा पिऊन निघालो. लाज वाटते लिहायला, पण चहा मी पूर्ण प्यायलो.

तो पहिला माइक दुकानात परत आलेला आहे. काल काउंटरवर घेऊन बसलो. आधी वायर लावून बघितली, मग जॅक, मग टोपी काढून माइक. रजई पांघरून मी स्वतः गायलो, बेसूर का होईना. मग नुसताच श्वास घेत बसलो... पंधरा मिनिटं. रस्त्यावरचे टेम्पो ऐकू आले, माझी खुर्ची करकरली तीही ऐकू आली. शिट्टी कुठेच नाही.

वहिनी पेपरची ही पुरवणी मोबाइलवर न चुकता वाचतात. समोर बसून सांगायची छाती मला झाली नाही, म्हणून इथे सांगतो. तुम्हाला ऐकू आली नाही, मला आली होती, तीन गाण्यांत आली होती, आणि मी ती कापली. मुलीला थांबवा, वहिनी. ती गाणी पुसू नका. माइक चांगला होता.