आक्काचा तज्ज्ञ भाऊ

न्हाव्याची जीभ त्याच्या वस्तऱ्याहून धारदार, पण घरात तिला कुणी हिंग लावून विचारत नसे. थोरली आक्का तर नाहीच. डोक्याचे केस पिकले तरी ती त्याला चारचौघांत म्हणे, "तू गप रे गधड्या, दाढ्या कर." बिचाऱ्याला आयुष्यात एकच हौस होती. आक्काने एकदा तरी आपलं ऐकावं.

हौस कशी पुरी होईल, सांगता येत नाही बघा. टीव्हीवाले बाजारात केसगळतीवर कार्यक्रम करायला आले. बोलावलेले डॉक्टर फिरकलेच नाहीत, म्हणून त्यांनी न्हाव्यालाच कॅमेऱ्यापुढे उभं केलं. गडी कोंड्यावर असा काही बोलला की खुद्द कोंड्याला लाज वाटावी! पडद्याखालची पट्टी मात्र डॉक्टरांसाठी केलेली, तीच राहिली. 'आरोग्यतज्ज्ञ'.

झालं! दाढीला आलेली गिऱ्हाइकं आधी जीभ बाहेर काढून दाखवू लागली. कुणाचा गुडघा, कुणाची मूळव्याध. आणि एका संध्याकाळी चक्क आक्का दुकानात आली.

"अरे, चालताना छातीत भरून येतं. काय करू?"

'गधड्या' नाही, नुसतं 'अरे'. पठ्ठ्या विरघळला. घसा खाकरून म्हणाला, "पित्त आहे. कोमट पाणी पीत जा."

ती पीत गेली, अगदी इमानेइतबारे. पुढे तिच्या पायांवर सूज दिसली, तेव्हा तो दुकान उघडं टाकून तिच्या घरी धावला.

"आक्का, ऊठ, दवाखान्यात चल."

"तूच म्हणालास ना पित्त?"

"थाप मारली गं! मी न्हावी आहे."

"ते मला सांगतोस? पण टीव्हीवाले काय खुळे आहेत, उगाच लिहायला?" ती हसली. "एवढा मोठा झालास, तरी लाजतोस मेला!"

तो हातापाया पडला, रडला, भाच्याला मध्ये घातलं. व्यर्थ. जन्मात पहिल्यांदा ती भावाचा शब्द मानत होती, आणि तो शब्द आता खुद्द भावालाही मोडू देईना.

एका दुपारी भाजी निवडता निवडता ती भिंतीला टेकली, ती टेकलीच.

भेटायला येणाऱ्यांना सून डोळे पुसत सांगे, "उपचारांत काही कमी पडू दिलं नाही हो. टीव्हीवरचे मामा घरचेच." माणसं न्हाव्याकडे आदराने बघत.

"अहो, मला काही कळत नव्हतं," तो पुन्हा पुन्हा म्हणाला.

शेजारच्या म्हातारीने त्याच्या पाठीवरून हात फिरवला. "असं म्हणू नये, डॉक्टर. मोठमोठ्यांच्या हातालाही कधी यश येत नाही."