भास्करभाऊंच्या कापडावरचा ठिपका

त्या शनिवारी सकाळची शाळा नुकतीच सुटली होती. पिंपळगाव राजाच्या शाळेच्या आवारात मी गाडीत बसले, ब्रेकवर पाय ठेवला, गिअरची दांडी ‘डी’वर ओढली आणि गाडी गिअर धरेपर्यंत सवयीप्रमाणे आकडे मोजायला लागले. एक… तेवढ्यात फोन वाजला. शोभावहिनींचा, म्हणजे आमचे मेकॅनिक भास्करभाऊ, त्यांच्या बायकोचा. “ताई, हे गेले,” एवढंच म्हणाल्या. खामगावला गॅरेजचं शटर वर करताना छातीत कळ आली, तिथंच खाली बसले आणि दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं. मी फोन कानाला लावून तशीच बसले, आणि गाडीने दोनच्या आत अंग हलवलं. त्यांनीच नीट केलेली गाडी ती. मला रडू आलं नाही. मनात आलं ते इतकंच, की आता सांगायचं राहिलं. दुसऱ्या दिवशी, रविवारी, मी त्यांच्याकडे एक गोष्ट कबूल करायला जाणार होते.

लहानपणी पोलिओने माझा डावा पाय नेला. क्लच दाबणं मला जमत नाही, म्हणून पंधरा-सोळा वर्षांपूर्वी एका डॉक्टरांची वापरलेली ऑटोमॅटिक गाडी घेतली. तेव्हाही ती जुनीच होती. गावातले मेकॅनिक बॉनेट उघडायचे, आत डोकवायचे आणि “मॅडम, विकून टाका” म्हणून मोकळे व्हायचे. विकून टाका काय? मग शाळेत काय उडत जाऊ? एसटीच्या पायऱ्यांशी मी उमेदीची सगळी वर्षं भांडले होते. एकटे भास्करभाऊ तसं म्हणाले नाहीत. त्यांनी मला खुर्ची दिली, स्वतः एक डबा उलटा करून त्यावर बसले, चहा सांगितला आणि गाडीला हातही न लावता विचारायला लागले. “गाडी थंडी असताना करते, का गरम झाल्यावर? चढावर, का सपाट रोडवर? पह्यले आवाज येते, का पह्यले झटका?” मी वैतागले. म्हटलं, भाऊ, आधी गाडी तर बघा. तर म्हणाले, “पाह्यतो ना. पन ताई, अर्धा आजार तुमच्या तोंडात हाय. गाडी खोटं बोलत नाई, मालक बोलते. तुमी खरं सांगा, बाकी मी पाहून घेतो.”

मग ते डाव्या सीटवर बसायचे, तळहात दांडीच्या शेजारी टेकवायचे आणि डोळे मिटायचे. गाडी मी चालवायची. परत आल्यावर इंजिन चालूच ठेवून गिअरबॉक्सची डिपस्टिक उपसायचे आणि धुतलेल्या जुन्या धोतराच्या तुकड्यावर तेलाचा एक थेंब टिपायचे. लाल असला तर तब्येत ठीक, तपकिरी असला तर वय झालं, आणि काळा पडून जळका वास आला तर आतल्या प्लेटी जळायला लागल्या. प्रत्येक तुकड्यावर बॉलपेनने तारीख, किलोमीटर आणि एखादी ओळ. माझ्या गाडीची अशी एक गड्डीच त्यांच्या कपाटात होती. “तेल एकदम सगळं बदलायचं नाई, ताई. जुन्या गाडीले जुनंच तेल सांभाळून घेते. थोडं काढायचं, थोडं टाकायचं.” हे त्यांनी मला शंभरदा तरी सांगितलं असेल.

आणि मी काय केलं? गेल्या दिवाळीत पुण्याचा भाचा आला होता. “मावशी, धोतरावर थेंब टाकून कोणी गाडी तपासतं का?” म्हणून हसला. मीही हसले… आज तेच जास्त लागतं. त्याच्यासोबत मोठ्या शहरातल्या एका चकचकीत गॅरेजात गेले. आम्हीच सांगितलं तसं त्यांनी मशीन लावून सगळं तेल तासाभरात बदलून दिलं. आठ दिवस गाडी लोण्यासारखी चालली. नवव्या दिवशी नाल्याच्या पुलाचा चढ आला, इंजिन नुसतं ओरडलं आणि गाडी जागची हलेना. मागे ट्रॅक्टरवाला हॉर्नवर हॉर्न देऊन राहिला होता. शेवटी रस्त्यावरच्या दोघा-तिघांनी ढकलून बाजूला घेतली.

गार झाल्यावर हळूहळू खामगावला नेली. भास्करभाऊंनी डबा ओढला. नेहमीचे प्रश्न झाले, फेरी झाली. दांडी ‘डी’वर टाकली तर गाडीने धरायला चार आकडे घेतले. मग त्यांनी थेंब टिपला आणि कापडाकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

“ताई, तेल कुठं बदललं का?”

“नाही हो,” मी म्हणाले.

खोटं बोलणाऱ्या पोरांना बाकावर उभं करणारी बाई मी, आणि किती सहज बोलून गेले. त्यांना सोडून दुसरीकडे गेले हे त्यांना कळू नये, एवढंच डोक्यात होतं. ते “बरं” म्हणाले आणि कापडाची घडी करून खिशात ठेवली.

दोन दिवस ते गार फरशीवर गाडीखाली पडून होते, आणि मी शेजारी खुर्चीवर बसून. काय निघालं, विचारलं तर माझ्याकडे न बघता म्हणाले, “जुना कचरा उठला होता. तेल गाळायच्या जाळीत जाऊन बसला.” का उठला, ते मला माहीत होतं. दुसऱ्या दिवशी गाडीखालून निघाल्यावर ते बराच वेळ छाती चोळत बसले. मी म्हटलं, भाऊ, कोणाला दाखवून घ्या. “दाखवतो ना. पह्यले तुमची गाडी होऊ द्या.” गाडी झाली. पुढचे तीन आठवडे मला एकच गोष्ट खात होती, की मी खरं सांगितलं असतं तर हा माणूस दोन दिवस त्या फरशीवर अंधारात चाचपडला नसता.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी, भास्करभाऊंना शेवटची वंदना झाल्यावर, शोभावहिनींनी दोऱ्याने बांधलेली गड्डी माझ्या हातात दिली. “तुमच्या गाडीची हाय म्हनत. दुसऱ्या मेकॅनिकले दाखवायले कामी येईन.” घरी येऊन सोडली. सगळ्यात वरचा तुकडा शेवटच्या खेपेचा. ठिपका लालभडक, माझ्या वह्या तपासायच्या पेनासारखा. खाली त्यांच्या तिरक्या अक्षरात लिहिलेलं: ‘तेल नवं. ताई नाई म्हनते. पुन्हा इचारू नये. जाळी पाहाने.’

म्हणजे ते चाचपडले नव्हतेच. पहिल्या थेंबातच त्यांना सगळं कळलं होतं. माझ्यामुळे त्यांची वाट चुकली नाही, हे वाचून जीव हलका व्हायला हवा होता. तो झाला नाही. दोन दिवस दर दोन तासांनी त्यांनी मला चहा पाजला, पायाची चौकशी केली, आणि त्या सगळ्या वेळात त्यांना माहीत होतं. मला स्वतःची फार लाज वाटते.

तो तुकडा आता गाडीच्या कप्प्यात असतो. डाव्या सीटवर मी पर्स ठेवत नाही, पिशव्या ठेवत नाही, सगळं मागे टाकते. शाळेत मी विज्ञान शिकवते, भुताखेतांवर माझा विश्वास नाही. तरी पुलाचा चढ आला की डावीकडे कोणी डोळे मिटून ऐकत बसलंय असं वाटतं, आणि माझा हात दांडीवरून आपोआप जरा सरकतो, जागा द्यावी तसा.

रोज शाळा सुटली की दांडी ‘डी’वर ओढते आणि मोजते. एक… दोन… गाडी अंग हलवते. मग फाटकातून बाहेर पडायच्या आधी, त्या सीटकडे न बघता, मी म्हणते, “हो भाऊ, बदललं होतं.”

पुन्हा कोणी विचारत नाही.