कांदाचाळीत एकाच होडीला जागा

मुळा धरणाच्या फुगवट्यावर ज्या शेतकऱ्याच्या कांदाचाळीत आम्ही होडी ठेवतो, त्याने यंदा सरळ सांगितलं, "ताई, चाळीत एकच होडी ऱ्हाईल. कांदा काय माज्या डोक्यावर ठिवू?"

त्याचं बरोबर होतं. इतकी वर्षं त्याने एक कोपरा फुकट दिला होता, वर आमच्या होडीवर ताडपत्रीही तोच टाकायचा. दिवाळीनंतर मी दुसरी होडी आणली आणि कोपऱ्याची अर्धी चाळ झाली.

पहिली होडी वडिलांची. तरुणपणी ते मुंबईच्या गोदीत सुतार होते, नंतर इकडे नागापूरच्या एका कारखान्यात लागले. गोदी सुटली, होड्या डोक्यातून गेल्या नाहीत. पाळी संपवून आले की घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ठोकाठोक चालायची. सागाच्या चौकटीवर प्लाय बसवून त्यांनी शिडाची होडी बांधली. पुढे बुटकी खोली, तीत दोन माणसं पाय दुमडून झोपतील आणि एक स्टोव्ह मावेल एवढी. सुट्टीत वर्गातल्या मुली मामाच्या गावी जायच्या, आम्ही धरणात. भाकरी आणि ठेचा बांधून न्यायचा, वारा लागणार नाही अशा वळणात नांगर टाकायचा, तिथेच मुक्काम. मला पोहायला, गाठी मारायला आणि गप्प बसायला त्या होडीने शिकवलं. तिन्ही गोष्टी पुढे उपयोगी पडल्या.

दुसरी होडी आणायचं कारण वडिलांचा खुबा. अंगणात पडले, हाड मोडलं. ऑपरेशन चांगलं झालं, ते चालायलाही लागले, पण पाय उंच उचलेना. जुन्या होडीत चढायचं तर गुडघाभर पाण्यात उभं राहून कंबरेएवढ्या काठावरून तंगडी टाकावी लागते. यापुढे ते पाण्यावर जाणार की काठावर खुर्ची टाकून बसणार, एवढाच प्रश्न होता. मुंबईकडून मी एक वापरलेली फायबरची होडी ट्रकवर घालून आणली. तिची मागची बाजू उघडी आहे, पाण्यालगत पायरी आहे आणि धरायला स्टीलचा दांडा आहे.

वडिलांनी तिच्याभोवती एक चक्कर मारली, टिचकी वाजवून पाहिली. "ही होडी आहे की गच्चीवरची टाकी?"

खरं सांगायचं तर नवी बऱ्याच बाबतींत उजवी आहे. जुनीला दरवर्षी खरवडा, भेगांत लांबी भरा, रंग द्या. नवी पुसली की झालं. जुनीचं शीड उतरवायला दोघं लागतात, नवीचं एक दोरी ओढली की गुंडाळलं जातं. नवीत ताठ बसून चहा पिता येतो. पण जुनीच्या पोटातली फळी वर ओढून घेता येते, त्यामुळे ती घोटाभर पाण्यातही जाते. नवीच्या पोटाखाली वजनदार लोखंडी पातं कायमचं बसवलेलं आहे. त्याने ती वाऱ्यात उलटत नाही, पण उथळात जाऊ शकत नाही. आणि नवीत लाकडाचा वास नाही. त्याची उणीव मला भासेल असं वाटलं नव्हतं.

कांदा काढणीला आला तेव्हा ठरवलं, दोन्ही होड्या पाण्यात घालायच्या आणि कोणती ठेवायची ते वडिलांनीच सांगायचं. ते हट्टाने जुनीत बसले. बसले म्हणजे, शेतकरी आणि माझा नवरा यांनी त्यांना गोणीसारखं उचलून आत ठेवलं.

"वजन करून घ्या, जावईबापू," ते म्हणाले. "भाव बरा असेल तर विकून टाका."

हसले सगळे. त्यांचे कान मात्र लाल झाले होते.

नवरा वडिलांबरोबर जुनीत बसला, नवी घेऊन मी एकटी पुढे गेले. परत वळताना सवयीने काठाजवळून आणली. पाणी उतरलं होतं आणि काठाने उसाला पाणी देणाऱ्या मोटारींचे पाईप पसरलेले होते. जुनी होडी त्यांच्यावरून सहज जायची. नवीचं पातं एका पाईपात अडकलं आणि होडी जागच्या जागी थांबली; ती आणखी सरकू नये म्हणून मी बांबू तळाला रोवून धरला.

काठावरून चाळवाला शेतकरी ओरडला, "ताई, माजा पाईप हाय त्यो. तुटला तर उसाला पानी तुमी बादलीनं घालनार का?"

वडिलांनी फळी वर घेऊन जुनी होडी पाईपावरून थेट माझ्या मागे आणली. "शीड सोड आधी. ओढू नकोस. हिला एका अंगावर कलंडवायला पाहिजे, म्हणजे पातं वर येईल. मी येतो तिकडे."

"अण्णा, थांबा, धरते."

"तू बांबू सोडलास तर होडी अजून अडकेल."

ते खरं होतं. बांबूने होडी पाईपावर सरकू न देण्यात माझे दोन्ही हात गुंतले होते. नवऱ्याचे दोन्ही हात होड्या एकमेकींना धरून ठेवण्यात. वडील बैठकीवरच सरकत सरकत टोकाला आले, नवीचा दांडा पकडला, धडधाकट पाय पायरीवर टेकवला, दुसरा मागून ओढून घेतला आणि आत आले. कोणी हात लावला नाही. लावता येत नव्हता. मग आम्ही बापलेक एका काठावर जाऊन बसलो, नवऱ्याने जुनीतून नवीच्या डोलकाठीची दोरी आपल्याकडे खेचली, होडी कलंडली आणि पाईप सुटला. तुटला नाही.

वडिलांनी सुकाणू घेतलं ते काठ येईपर्यंत परत दिलं नाही. "फार हलकं आहे," म्हणाले. थोड्या वेळाने, "पायरी चांगली केली आहे कोणीतरी."

काठावर आल्यावर त्यांनी जुनीकडे बोट केलं. "ही देऊन टाक."

"नक्की ना अण्णा?"

"मला पाण्यावर जायचंय, बाई. लाकूड बघत बसायचं नाही."

डोलकाठी काढून जुनी आम्ही शेतकऱ्यालाच दिली. मोटारीच्या जाळीत गवत अडकलं की तो छातीभर पाण्यात उतरायचा, आता होडीतून जातो. पाईपाबद्दल मी त्याची दोनदा माफी मागितली.

होडीला ती पायरी करणाऱ्याचं, डॉक्टरांचं, चाळवाल्याचं, सगळ्यांचं देणं माझ्यावर आहे. ते फिटणारं नाही, म्हणून वडिलांना पाण्यावर न्यायचा रविवार चुकवत नाही. पायरीशी मी अजून हात पुढे करते. वडील दांडा धरतात आणि म्हणतात, "मला काय धरतेस, होडी धर."