अफूच्या गोळीला नासक्या दुधाचा वास

भूत, करणी, बाहेरचं... असलं कुणी सांगू लागलं की मी सरळ उठून जातो. कारखान्यात तीस वर्षं लेथ चालवला आहे. जे मापात बसत नाही त्यावर माझा विश्वास नाही. तरी हे सांगतोय.

फाळणीनंतरची चार-पाच वर्षं. अंबरनाथला, शिवमंदिराकडे जाणाऱ्या रस्त्याला, आम्ही पत्र्याच्या चाळीत राहायचो. मी अफू खायचो. सुरुवात पोटदुखीवर औषध म्हणून झाली, मग दिवसाला दोन गोळ्या लागायलाच लागल्या. नखांत काळा चिकटा, चार-चार दिवस शौचाला नाही... शी! स्वतःचीच किळस यायची. पण डबी सुटत नव्हती.

बायको, मालती, सकाळी काड्यापेटीच्या कारखान्यात जायची. मी दुपारपाळीला. सकाळभर सात महिन्यांची सुशी माझ्याकडे. त्या दिवशी तिचे दात येत होते, रडणं थांबेना, आणि मला गुंगीत पडायचं होतं. चाळीतल्या बायका कामाला जाताना पोरांना बाळगोळी द्यायच्या — तिच्यात किंचित अफू असायची, पोर झोपून राहायचं. मी म्हटलं, अफू ती अफू! माझ्या डबीतला मोहरीएवढा तुकडा दुधात कालवला आणि बोंडल्याने तिला पाजला. म्हणे बाप!

तासाभराने अम्मा आली. कल्याणच्या निर्वासित कॅम्पातली म्हातारी सिंधी बाई, दर आठवड्याला पापड विकायला यायची. तिने दारातूनच सुशीकडे पाहिलं आणि पाटी खाली टाकली. पोरीचे ओठ निळे पडले होते.

"पुट, बेटा, क्या खिलाया बच्ची को?"

"कुछ नहीं... दूध."

तिने माझा हात ओढून नखं पाहिली. "झूठ मत बोल! मर रही है ये!"

तिने पोरीला पालथं धरलं, घशात बोट घातलं. भसकन नासकं दूध आलं ते माझ्या दोन्ही तळहातांवर — आंबट, कोमट, त्यात तपकिरी तार. मग आम्ही दोघांनी तिला झोपू दिलं नाही. तोंडावर पाणी, तळपायांना चिमटे. माझी पाळी बुडाली. दुपारी कधीतरी ती रडली, आणि मीही ढसाढसा रडलो. मालती आल्यावर सांगितलं, दूध बाधलं. अम्माने माझ्याकडे एकदा बघितलं आणि पापडांची पाटी उचलून निघून गेली.

आणि निर्लज्जपणा बघा — संध्याकाळी मी पुन्हा डबी उघडली! गोळी जिभेवर ठेवली आणि ओकलो. गोळीला त्याच नासक्या दुधाचा वास. राखेने हात घासले, नवी अफू आणली. तोच वास. गुळात घालून पाहिली, केळ्यात घालून पाहिली... ओकारीच.

तुम्ही म्हणाल, मनाचे खेळ. मीही तेच म्हणत होतो. तिसऱ्या दिवशी कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत गणपत भेटला. तोही अफू खाणारा; घरी काय झालं ते त्याला काहीच ठाऊक नव्हतं. डबीतली एक गोळी त्याने स्वतः खाल्ली, दुसरी माझ्या तळहातावर ठेवली. आणि नाकच दाबलं.

"शी! काय रे हे? पोर ओकलंय का हातावर?"

त्याने माझा हात हुंगला — वास नाही. गोळी हुंगली आणि लांब फेकली. डबीतल्या बाकीच्या ठीक होत्या. मग त्याने मुद्दाम अजून एक माझ्या हातावर ठेवली. तिलाही वास! त्यानंतर गणपत कधी माझ्या शेजारी जेवायला बसला नाही.

पुढचे दहा दिवस नरक होते. नाक गळतंय, हाडं ठणकतायत, धोतर, चादर, सगळं घाण... मालती पेज पाजायची, चादरी धुवायची, "हगवण आहे, जाईल" म्हणायची. अकराव्या दिवशी वरणभात पोटात राहिला. त्यानंतर आजपर्यंत अफू नाही.

पुढे एका डॉक्टरांना विचारलं. मला ओकाऱ्या का झाल्या ते त्यांनी समजावून सांगितलं. गणपतला वास कसा आला म्हटल्यावर त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली. 

मालती गेली, तिला शेवटपर्यंत 'दूध बाधलं' एवढंच माहीत होतं. मला आता नीट दिसत नाही, म्हणून हे मी बोलतोय आणि सुशी लिहून घेतेय. मुद्दामच तिला बसवलं. त्या सकाळचं सांगताना तिचा हात थांबला.  मग म्हणाली, "पुढे सांगा, बाबा."