खेळीमेळीच्या वातावरणात

खुर्ची लोखंडी होती. हे आधीच सांगून टाकते, कारण नंतर गावातले पुष्कळ जण ती प्लास्टिकची होती असं सांगू लागले. ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये ती घडीची खुर्ची माझ्या धाकट्या दिरांच्या डाव्या कानावर बसली आणि ते माझ्या पायांवर कोसळले. कानातून रक्त आलं, माझ्या साडीच्या निऱ्या भिजल्या. मी ओरडत होते, पण हॉलमध्ये सगळेच ओरडत होते.

दिरांचा गुन्हा एवढाच की ग्रामसभेत त्यांनी उभं राहून प्रश्न विचारला. कळंबच्या अलीकडच्या आमच्या गावात एका रिसॉर्टसाठी गुरचरणातून रस्ता काढला होता. आमचा बौद्धवाडा त्या गुरचरणाला लागून आहे, पण गुरं सगळ्या गावाचीच तिथं चरायची. दीर म्हणाले, "ह्यो रस्ता कुनाला इचारून केला, तेवडं सांगा." सरपंचांचा चुलतभाऊ टेंपो चालवतो, रिसॉर्टला खडी-सिमेंट तोच पुरवतो. तो ताडकन उठला. "तुला इचारून करायचा व्हता का रं?" म्हणाला आणि बसायची खुर्ची उचलून फेकली.

मग जे झालं त्याला मारामारी म्हणणंही कमीच. बाकं उलटली. आमच्या वाड्यातल्या एका म्हातारीचा हात तुडवला गेला. कुणी तरी बाहेरून खिडकीवर दगड मारला आणि काचा बायकांच्या डोक्यात पडल्या. दिरांना आम्ही रिक्षात घालून कर्जतला नेलं. डॉक्टर म्हणाले, पडदा फाटलाय, या कानाची आशा सोडा.

पोलीस ठाण्यात गेलो तर साहेबांनी आधी हेच विचारलं, "सभेत मारामारी झाली असं इतिवृत्तात आहे का? मग ते आणा." आम्ही ठाण्याची पायरी चढलो हे टेंपोवाल्याला कळायला वेळ लागला नाही. भर दुपारी आमची पेंढ्याची उडवी पेटली. म्हशीचं वर्षाचं खाणं डोळ्यांदेखत राख झालं, आणि विझवायला आमच्या वाड्याबाहेरचा एकही माणूस आला नाही. दीर कानात कापूस घालून ओट्यावर बसले होते. "सभेत काय झालं ते कागदावर येऊ दे," एवढंच ते म्हणत राहिले. "मग बगू."

पुढच्या ग्रामसभेत ते कागदावर आलं. सभेची सुरुवात मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून ते कायम करण्यानं होते. ग्रामसेवक, म्हणजे आमचे भाऊसाहेब, खाली मान घालून वाचू लागले. विषय एक, विषय दोन, ठराव मंजूर. आणि शेवटी, "अध्यक्षांचे आभार मानून सभा खेळीमेळीच्या वातावरणात पार पडली."

हे वाक्य आपल्याकडे सगळ्यांच्या हातात बसलेलं आहे. पतपेढीची सभा, महिला मंडळाचं हळदीकुंकू, मंडळाची पूजा, सगळं खेळीमेळीच्या वातावरणातच पार पडतं. भाऊसाहेबांनी ते मुद्दाम लिहिलं असं मला आजही वाटत नाही. मारामारी चालू असताना ते टेबलाखाली होते, बाहेर आले आणि सवयीनं हात चालला. पण त्या एका वाक्यात माझ्या दिरांचा कान गेला, तो दुसऱ्यांदा.

मी बायकांच्या बाजूला बसले होते, पुरुषांपासून लांब. "इतिवृत्त कायम करायला संमती असेल त्यांनी हात वर करा," भाऊसाहेब म्हणाले. हात वर झाले. दिरांची डावी बाजू टेबलाकडे होती. त्यांना काही ऐकूच आलं नव्हतं. आजूबाजूचे हात बघून त्यांना वाटलं, आपलंच काही तरी मंजूर होतंय. त्यांनीही हात वर केला. टेंपोवाला मोठ्यानं हसला आणि सगळा हॉल हसला. मला तेव्हा त्याचा जीव घ्यावासा वाटला, हे सरळ लिहिते.

त्यानंतर तालुक्याहून एक परिपत्रक आलं. सरकारला कारभार खुला करण्याचं धोरण आखायचं होतं आणि त्यात काय असावं हे लोकांनीच सांगायचं होतं. त्यासाठी प्रत्येक गावानं खास ग्रामसभा घ्यावी. मी अंगणवाडीची बाई. असली परिपत्रकं चिकटवायला माझ्याच हातात येतात. बाकीची मी न वाचता चिकटवते, हे मात्र दारातच उभी राहून वाचलं.

त्या सभेत मी टेबलापुढे जाऊन उभी राहिले. "आमची सूचना लिहा. ग्रामसभेचं सुरुवातीपासून शेवटपर्यंत शूटिंग करायचं आणि ते कुणालाही बघता आलं पाहिजे. सभेत जे झालं तेच इतिवृत्तात आलं पाहिजे."

बायकांमधून "बराबर हाय" असा आवाज आला. मला बरं वाटलं. सूचना तालुक्याला गेली, तिथून वर गेली, तर पुढच्या गावात पुढच्या माणसाचा कान तरी कागदावर येईल, असं मी मनाशी म्हणत होते. तेवढ्यात टेंपोवाला बसल्या जागेवरून म्हणाला, "बाई, दिराचा एक कान राहिलाय अजून. त्याचं पन शूटिंग करायचं काय?"

टेबलावर पाण्याचा स्टीलचा जग होता. तो कधी उचलला ते मला आठवत नाही, मारला कसा ते नीट आठवतं. पहिला तोंडावर बसला, ओठ फाटला. दुसरा त्याच जागी, आणि त्याचे पुढचे दात तुटून हनुवटीवर आले. मग त्याच्या सख्ख्या भावानं माझा अंबाडा धरून मला फरशीवर ओढलं. माझ्या कपाळाला खोक पडली. आमच्या बायका त्याच्यावर तुटून पडल्या, त्यांच्या बायका आमच्यावर. एका पोरीच्या कानातला डूल पाळीसकट ओरबाडला गेला. शेवटी सरपंचांनी माईकवर बोंब मारली तेव्हा लोक दमून बाजूला झाले.

सरपंच माझ्याजवळ आले. आवाज अगदी गोड. "बाई, झालं ते झालं. नोकरी हाय तुमची. भाऊसाहेब नेहमीसारखं लिवतील. तेवडी सूचना मागं घ्या."

सांगते, मोह झाला. नेहमीसारखं लिहिलं तर मी सुटत होते. डोळ्यात रक्त उतरत होतं आणि मनात मानधनाचा विचार येत होता. मग पलीकडे दीर दिसले. सरपंच मला काय सांगतायत ते कळावं म्हणून उजवा कान पुढे करून उभे होते.

मी ओरडले, "भाऊसाहेब, लिहा. अंगणवाडीच्या बाईनं जग मारला. ओठ फाटला, दात पडले. तिचंही कपाळ फुटलं. सगळं लिहा आणि आत्ताच्या आत्ता वाचून दाखवा."

भाऊसाहेबांनी सरपंचांकडे पाहिलं. पण टेंपोवालाच रुमाल तोंडाला धरून उठला. "लिवा!" तो थुंकत म्हणाला. "समदं लिवा! आन तिची सूचना पन पास करा. हिचं शूटिंग दुनियेनं बगू दे!" त्यानंच पहिला हात वर केला. त्याच्यामागून त्याच्या सगळ्या माणसांनी केले. माझी सूचना एकमतानं मंजूर झाली.

आता ती वर कुठे तरी धोरणात असेल, नाही तर एखाद्या कपाटात. माझ्यावर मात्र त्याच इतिवृत्ताच्या आधारे गुन्हा दाखल झाला आणि अंगणवाडीतून मला घरी बसवलं. जग मारल्याचा मला पश्चात्ताप नाही.

त्या दिवशी हॉलबाहेर आलो तेव्हा दीर खुशीत होते. माझ्या कपाळावर त्यांनी आपलं उपरणं दाबून धरलं होतं. "वहिनी, आपली सूचना पास झाली ना?"

"झाली."

"मंग आता माज्या कानाचं पन लिवतील?"

मी हळूच सांगितलं की खुर्ची मारली त्या सभेचं इतिवृत्त कायम झालंय, आता बदलता येत नाही. त्यांना ऐकू आलं नाही. "आं?" म्हणून हसत पुढे झुकले. आजूबाजूला माणसं उभी होती. मी त्यांच्या उजव्या कानाशी तोंड नेलं आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले, "नाय भावजी, तुमचं नाय लिवनार."

त्यांनी उपरणं माझ्या हातात दिलं आणि एकटेच घराच्या वाटेला लागले.