चौथी बाजू

डोंबिवलीत शुक्रवारी सकाळीच लाईट जायची. मानपाड्याच्या कारखान्यांना सुट्टीही तेव्हाच, म्हणून दादा घरी. आणि शेजारचे बोटीवरचे काका नेमके त्या शुक्रवारी संध्याकाळी निघणार होते, आम्हाला ऐकायला दिलेल्या दोन तबकड्या परत घेऊन. एकाच इंग्रजी अल्बमच्या दोन तबकड्या, चार बाजू. त्या बँडच्या पोरांनी गावाबाहेरच्या घरात स्वतःला कोंडून घेऊन ही गाणी केली, असं काका रंगवून सांगायचे. दादाचा सगळा जीव चौथ्या बाजूत. तिच्यातली गिटार त्याला शिकायची होती, आणि ती परत कानावर पडेल याची काही खात्री नव्हती.

गिटारीवरूनच बाबांनी त्याच्याशी बोलणं टाकलेलं. कॉलेज सोडून कारखान्यात गेला आणि पहिल्या पगारात गिटार घेऊन आला, तेव्हापासून. एकमेकांना काही सांगायचं तर माझ्यामार्फत. मला या निरोप्यागिरीचा वीट आला होता.

लाईट आली ती दुपार कलल्यावर. जोडायला वायर नव्हती, म्हणून काकांच्या प्लेअरसमोर आमचा टेपरेकॉर्डर ठेवायचा आणि त्याच्या माइकवर गाणी घ्यायची. घरात कुणी हूं की चूं करायचं नाही. पहिल्या बाजूत भंगारवाला ओरडला. दुसरीत आईच्या कुकरने शिट्टी मारली, तेव्हा दादाने तिच्याकडे खाऊ की गिळू असं पाहिलं. तिसरी कशीबशी निभावली. चौथी लावली तेव्हा काकांची रिक्षा खाली येऊन थांबली होती.

गिटार सुरू झाली आणि दारात बाबा. हे आता ओरडणार, आणि पुन्हा लावायला वेळ नाही. दादाने मान वर केली नाही. बाबा चपला काढून, त्या हातातच घेऊन उंबऱ्यात उभे राहिले. खालून हॉर्न वाजला, तरी कुणी हललं नाही. शेवटचा सूर विरला. दादा बटण दाबणार, इतक्यात बाबा म्हणाले, "झालं का रे?"

"हो, बाबा," दादा म्हणाला आणि मग त्याने बटण दाबलं.

ती कॅसेट दादाने झिजेपर्यंत वाजवली. बाबा गेले त्याच्या पुढच्या वर्षी त्याने ठाण्याहून त्या अल्बमची सीडी आणली. आवाज एकदम स्वच्छ. शेवटचं गाणं संपलं, तरी तो कान देऊन बसून राहिला.

"यांनी शेवट कापलाय," म्हणाला.