कारणाचा रकाना

"लिही," सर म्हणाले. "कारण: बोलणं गावंढळ."

मी लिहिलं. माझ्याच वहीत, माझ्याच हातानं. अक्षर सुवाच्य.

नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं. आदिलाबादच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये आम्ही पाचजण रविवारी हौसेनं प्रोग्रॅम करायचो. मी गुडीहत्नूरहून बसनं यायची. आईबाप वांगी पिकवून बाजारात बसायचे. बाकी चौघं शहरातल्या साहेबांची मुलं. सर कोड फळ्यावर लिहायचे, टाइप मी करायची. चाचण्यांची वही माझी, रकाने मीच आखलेले: कोण बोललं, शब्द कोणता, जुळला का, कारण.

काम साधं होतं. माइकमध्ये 'वर', 'खाली', 'थांब' म्हणायचं. पडद्यावरचा ठिपका तसा वागायचा. मशीनला अर्थ कळत नसे. आधी साठवलेल्या आवाजांच्या नमुन्यांशी ते नवा आवाज ताडून बघायचं आणि सगळ्यात जवळचा निवडायचं. नमुने सरांचे आणि त्या चौघांचे. माझा नव्हता.

त्या दिवशी मी पहिल्यांदा माइक धरला. "थांब" म्हटलं. ठिपका चढतच गेला. पुन्हा म्हटलं. तेच.

"हिचं मशीनलासुद्धा कळत नाही," एकजण म्हणाला.

"बाई, भाजी नाही विकायची इथं," दुसरा.

सगळे हसले. सरही. मग त्यांनी ते कारण सांगितलं.

महिनाभर मी सरांसारखं बोलायचा सराव केला. वाफ्यात पाणी सोडताना. थांब. थांब. थांब. आईनं खुरपं खाली ठेवलं.

"काऊन अशी बोलून राह्यली वं? घसा बसला काय?"

"मशीनले समजत नाई मनून."

"मशीन हाय का पाहाले आलेला पावना? त्याच्यासाठी आवाज बदलून राह्यली."

तरी बदलत राहिले. जुळलं नाही. दर रविवारी माझ्या नावापुढे तीच ओळ. आता कोणी सांगायचीही गरज नव्हती. मीच लिहायची.

मग एका रविवारी सर नाक पुसत आले, आवाज सर्दीनं बसलेला. माइक धरला. "थांब." ठिपका चढतच गेला. तीनदा. कोणी हसलं नाही.

"सर, कारण काय लिहू?"

"लिही, नमुने अपुरे. माझे पुन्हा घेऊ."

पेन कागदावर टेकलेलं राहिलं. मागची पानं उलटली. माझं नाव, गावंढळ. माझं नाव, गावंढळ. पानभर. बिघाड तोच. सरांच्या वेळी प्रोग्रॅममध्ये, माझ्या वेळी माझ्यात.

"सर, माझाबी नमुना घ्या. मग पुढचं टाइप करतो आमी."

"आमी," मागून कोणीतरी चिडवलं.

"तुझा कशाला?" सर म्हणाले. "तू टाइप कर."

"नाई करत."

'नाही' म्हणायचं ठरवलं होतं. 'नाई' निघालं. तसंच राहू दिलं. उठले.

"वही ठेवून जा."

"वही माझी हाय."

बसस्टँडवर उभ्यानंच वही उघडली. एकेक 'गावंढळ' खोडला. पुढे लिहिलं: नमुना घेतला नाही. उभ्यानं लिहिताना अक्षर बिघडलं. बिघडू दिलं.

मग पट्टी काढली आणि पाचवा रकाना आखला: कारण कोणी सांगितलं.

तेव्हापासून माझ्या प्रत्येक वहीत तो आहे. रिकामा सोडत नाही.